सुरीच्या धारेवर डोलणारी गिटार

"अगं, हा तर तराजू आहे," मामा म्हणाला.

त्याच्या हातात मी काढलेलं कच्चं रेखाटन होतं. ब्रिटिश रॉक गिटारवादक ब्रायन मेच्या 'रेड स्पेशल' गिटारचा ट्रेमोलो, म्हणजे दांडी दाबून सगळ्या तारा एकदम सैल-ताठ करायची यंत्रणा, आडवी छेदून दाखवलेली. तीन आठवडे मी त्या चित्रापाशी अडले होते. मामा आयुष्यभर टूलरूममध्ये फिटर होता. गिटार त्याने कधी मांडीवर घेतली नव्हती. पण तराजूची दांडी ज्या पोलादी सुरीवर तोललेली असते ती सुरी, आणि ती ज्या खाचेत टेकते ती खाच, त्याला माझ्या चित्रात ताबडतोब दिसली. "दोन्ही पारड्यांत वजन आहे. इकडे तारा, तिकडे स्प्रिंगा. मधे धार. यात न कळण्यासारखं काय आहे?"

त्या दिवसापासून हे काम आमच्या दोघांचं झालं.

रेड स्पेशलची गोष्ट गिटारवाल्यांना पाठ असते, तरी थोडक्यात सांगते. लंडनच्या पश्चिमेला फेल्टम नावाचं उपनगर आहे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका घरात सोळा वर्षांचा ब्रायन आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी गिटार बांधायला घेतली. फेंडर किंवा गिब्सन या नावाजलेल्या कंपन्यांची गिटार घेण्याची ऐपत नव्हती. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार होते, हाताने वस्तू घडवायची त्यांना सवय होती. सुमारे दोन वर्षं हे काम चाललं आणि सगळा खर्च आठेक पौंड आला. पुढे १९७० मध्ये त्याचा रॉक बँड 'क्वीन' उभा राहिला तेव्हा ब्रायनच्या गळ्यात हीच गिटार होती. २००२ च्या जूनमध्ये बकिंगहॅम पॅलेसच्या छतावर उभं राहून त्याने राष्ट्रगीताची धून वाजवली, तीही हिच्यावरच.

गोष्ट सांगताना लोक त्यातल्या टाकाऊ वस्तू मोजतात. नेक, म्हणजे गिटारची लांब मान, एका जुन्या शेकोटीच्या वरच्या महोगनी फळीतून काढलेला. ट्रेमोलोच्या स्प्रिंगा १९२८ च्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. दांडी सायकलच्या मागच्या पिशवीच्या आधाराची, तिचं टोक आईच्या विणायच्या सुईचं. मलाही आधी याचंच अप्रूप होतं. स्वतः बांधायला घेतल्यावर दिसलं की यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते: तार पूर्ण सैल सोडली आणि परत ताणली, तर ती सुरात परत कशी येईल? त्या काळच्या ट्रेमोलोंचं दुखणं हेच होतं. दांडी जोरात दाबली की गिटार बेसूर. तार कुठेतरी घासते, घासते म्हणून अडकते आणि अडकली की पूर्वीच्या जागी येत नाही. बापलेकांनी जिथे जिथे घर्षण होतं तिथून तिथून ते हुसकावून लावलं. हे मला हुबेहूब करून पाहायचं होतं. दिसायला लाल गिटार बाजारात विकत मिळते, तिच्यात मला रस नव्हता.

सुरुवात नेकपासून केली. घरात जिन्याचा जुना महोगनी कठडा काढून ठेवलेला होता, जाड, सरळ रेषांचा, वर्षानुवर्षं वाळलेला. रंधा मारला तेव्हा काळपट थराखालून तांबडं लाकूड निघालं आणि त्याबरोबर किडीने पोखरलेली चार भोकंही. मी फळी बाजूला ठेवणार होते. मग आठवलं की मूळ नेकमध्येही अशीच भोकं होती आणि ब्रायनने ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली होती. मीही गूल मोडून काड्या सरसात बुडवल्या, भोकांत ठोकल्या आणि वाळल्यावर पटाशीने सपाट केल्या. आज वाजवताना अंगठा तिथे फिरतो तेव्हा काही लागत नाही. पण उजेडात तिरपं धरलं की चार फिकट ठिपके दिसतात.

नेकची पाठ घडवायला मला सात रविवार लागले. रेड स्पेशलचा नेक जाड आणि रुंद आहे, आजच्या बारीक नेकांची सवय असलेल्या हाताला पहिल्यांदा तो खांबच वाटतो. आधी कानस, मग काचेच्या तुकड्याने खरवडणं, मग पॉलिश पेपर. दर थोड्या वेळाने डोळे मिटून हात फिरवायचा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा उंचवटा तळव्याला लगेच कळतो. जुनं लाकूड एका दिशेने लोण्यासारखं कापलं जातं आणि उलट्या दिशेने ढलपे सोडतं. पाचव्या फ्रेटच्या, म्हणजे स्वर ठरवणाऱ्या आडव्या धातूपट्टीच्या, मागे असा एक ढलपा निघाला. तोच तुकडा परत सरसाने चिकटवून चोवीस तास शिकंज्यात धरून ठेवला. सांधा आहे, पण मलाच माहीत आहे.

फ्रेटचं गणित मात्र सरळ आहे. या गिटारची वाजणारी लांबी २४ इंच, म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. लांबीला १७.८१७ ने भागायचं, पहिला फ्रेट ३४.२१ मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, की दुसरा. बारावा बरोबर निम्म्यावर, ३०४.८. फ्रेटही चोवीसच असल्याने शेवटचा पाऊण लांबीवर, ४५७.२. तेविसाव्या आणि चोविसाव्यात जेमतेम ९ मिलिमीटर जागा उरते, बोटाचं टोक कसंबसं मावतं. मामाने इथे पहिली शिस्त लावली. "प्रत्येक खूण शून्यापासून मोजायची. आधीच्या फ्रेटपासून मोजलीस तर प्रत्येक वेळची केसभर चूक पुढच्यात जमा होत जाईल." चोवीस खुणा त्याने स्वतः व्हर्नियर या सूक्ष्म मापकाने तपासल्या, गुण्या लावून धारदार सुरीने रेघा मारून दिल्या आणि मगच मला करवत लावू दिली. फ्रेटबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवायची फळी, मूळसारखाच ओकचा, वरून काळा लेप. खुणेचे ठिपके मूळ गिटारवर शिंपल्याच्या बटणांतून घडवलेले आहेत. मीही जुनी बटणं घेतली आणि पाणी लावून घासली, कारण शिंपल्याची कोरडी धूळ छातीत जाऊ देऊ नये. ठिपक्यांची मांडणी ब्रायनची खास आहे: सातव्या आणि एकोणिसाव्या फ्रेटवर दोन-दोन, बाराव्या आणि चोविसाव्यावर तीन-तीन.

शून्यावरही एक फ्रेट आहे, आणि घर्षण हटवायची सुरुवात तिथूनच होते. बहुतेक गिटारींत मोकळी तार नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचा पाडलेल्या पट्टीच्या, खाचेत टेकून वाजते आणि तीच खाच तिला चिमटते. इथे तार शून्य फ्रेटच्या गोल धातूवर टेकते, मागचा नट तिला फक्त रांगेत ठेवतो. डोक्यावर खुंट्याही अशा लावल्या आहेत की तारा जवळजवळ सरळ रेषेत जातात, वळण घेऊन कुठे घासत नाहीत.

बॉडीबद्दल फार सांगत नाही, ते चांगल्या सुतारकामासारखंच आहे. मूळ बॉडीत एका जुन्या टेबलाचा ओक आहे, बाजूंना ब्लॉकबोर्ड, आत पोकळ कप्पे, वरून-खालून महोगनीचं व्हिनियर आणि कडेला फडताळाच्या फळीला लावतात ती पांढरी प्लास्टिकची पट्टी. बाहेरून अखंड ठोकळा वाटतो. वर व्हायोलिनसारखं भोक पाडायचा विचार होता, तो राहून गेला. कप्पे मुद्दाम ठेवले होते. अँप्लिफायरसमोर उभं राहिलं की स्पीकरच्या आवाजाने बॉडी थरथरावी, ती थरथर तारेत जावी आणि सूर न तुटता गात राहावा, अशी गिटार ब्रायनला हवी होती. मी कप्पे कोरले, झाकण चिकटवलं आणि बोटाने टकटक केली तेव्हा ठिकठिकाणी वेगळा नाद आला. नुसत्या लाकडाचा तो नाद ऐकत मी बराच वेळ बसून होते.

आता तराजू.

मामाने सुरीसाठी एक झिजलेली मोठी कानस निवडली. "कानशीत कार्बन भरपूर असतो. साधं लोखंड कितीही तापवून बुडवलंस तरी कडक होणार नाही." आधी ती लालभडक करून राखेत पुरली, रात्रभर हळूहळू निवू दिली, म्हणजे मऊ पडून कापता येईल. मग माझ्याकडून ती दोन्ही अंगांनी घासून घेतली, मधे धार येईपर्यंत. धार सरळ आहे का, हे पाहायला तो ती पोलादी पट्टीला टेकवून दिव्यासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की पट्टी परत माझ्या हातात. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. चौथ्या संध्याकाळी उजेड दिसायचा थांबला.

पाणी पाजायच्या वेळी माझ्या हातून घाई झाली. मामा तेल गरम करत होता तोवर मी लाल झालेली पट्टी शेजारच्या पाण्याच्या बादलीत बुडवली. टिचकी मारावी तसा आवाज आला आणि धारेच्या मधोमध बारीक तडा गेला. चार संध्याकाळचं काम फुकट गेलं. मामा रागावला नाही. दुसरी कानस काढून दिली आणि म्हणाला, "पाणी फार झटक्यात निववतं. बारीक धारेला ते सोसत नाही. तेलात हळू निवते." दुसरी पट्टी तेलात बुडवली. मग ती घासून चकचकीत केली आणि परत हळूहळू तापवत नेली. पोलादावर फिकट पिवळा, वाळल्या गवताच्या काडीचा रंग चढू लागला, २२० अंशांच्या आसपास हा रंग येतो, आणि त्याच क्षणी मामाने ती आचेवरून बाजूला घेतली. नुसतं कडक पोलाद काचेसारखं तुटतं. या रंगाला थांबवलं की कडकपणा राहतो आणि ठिसूळपणा कमी होतो. शेवटी तेलाच्या दगडावर धारेचं अगदी टोक त्याने किंचित गोल केलं. तराजूच्या सुरीलाही वस्तऱ्याची धार नसते, नाहीतर वजनाखाली ती चुरते, हे त्याने तेव्हा सांगितलं.

या धारेवर काय भार येतो ते पाहा. माझ्या बारीक तारा सुरात लावल्या की सहा मिळून तीस किलोंहून जास्त ताण होतो. तेवढ्याच जोराने खालून स्प्रिंगांनी उलट रेटलं पाहिजे, तेव्हाच पट्टी अधांतरी तोललेली राहते. मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा का, याचं उत्तर इथे मिळतं. त्या दाबल्या जाऊन रेटतात, आखूड असतात आणि इंजिनात अगणित वेळा दबूनही थकत नाहीत. मला एका मोडीत निघालेल्या इंजिनाच्या दोन मिळाल्या. त्यांच्या आरपार बोल्ट घालून ताण कमी-जास्त करायची सोय केली.

तारा पुढे जिथे ब्रिजवर, म्हणजे बॉडीवरच्या घोडीवर, टेकतात तिथे प्रत्येकीखाली एक रोलर आहे. ट्रेमोलो हलला की तार पुढे-मागे सरकते, आणि तिच्याबरोबर रोलर फिरतो, म्हणजे इथेही घासायला काही उरत नाही. मामाने सहा रोलर लेथवर काढून दिले, मुगाच्या डाळीएवढे. ते खाचेत नुसते ठेवलेले असतात, तारेच्या दाबानेच जागेवर राहतात. तार तुटली की रोलर उडतो. आता माझ्या पेटीत आठ जादा रोलर आहेत.

पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारी चुंबकावरची वेटोळी, मी स्वतः गुंडाळायचे ठरवले, कारण ब्रायननेही आधी तसंच केलं होतं. त्याने 'एक्लिप्स' कंपनीची बटणाएवढी चुंबकं वापरली, तार गुंडाळायचं यंत्रही घरीच बनवलं. ते पिकअप चालले, पण तार खेचून वाजवली की आवाज विचित्र यायचा. चुंबकांची टोकं एकाआड एक लावलेली होती, उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण. मी एक पिकअप मुद्दाम त्याच चुकीसह केला. केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे साडेसहा हजार वेढे घातले. मोजणीसाठी जुन्या कॅल्क्युलेटरच्या 'बरोबर'च्या कळीला रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच, जोडला होता, प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने पुढे. तार दोनदा तुटली, तिसऱ्या वेळी पूर्ण झाली. मल्टिमीटरवर साडेपाच किलोओम. मोकळी तार छान वाजली. मग तिसरी तार सतारीच्या मींडेसारखी चौथीकडे खेचत नेली. सूर चढत गेला आणि मधेच विझला, जणू कोणी तोंडावर हात ठेवला. आणखी थोडं खेचलं की परत उजळला. एका चुंबकाच्या उत्तर टोकावरून शेजारच्याच्या दक्षिण टोकाकडे जाताना मधे क्षेत्र उलटतं, तिथे पिकअपला तारेची हालचाल जाणवतच नाही. ज्याचं सगळं वाजवणं खेचलेल्या सुरांवर उभं आहे, त्याला हे चालणार नव्हतंच. ब्रायनने मग बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक पिकअप विकत आणून बसवले आणि त्यांच्यात अ‍ॅराल्डाइट हा इपॉक्सी सरस ओतून वेढे घट्ट केले. मीही शेवटी त्याच घडणीचे पिकअप घेतले. अ‍ॅराल्डाइटचं कारण पहिल्याच चाचणीत कळलं. वेढे सुटे असले की ते स्वतःच थरथरतात आणि मोठ्या आवाजात पिकअप किंचाळतो. बॉडीतून तारेत येणारी थरथर हवी असते, वेढ्यांची नको. अ‍ॅराल्डाइट किंचित गरम करून ओतलं, म्हणजे पातळ होऊन तळापर्यंत जातं आणि हवेचे बुडबुडे वर येतात.

वायरिंगमध्ये मला या गिटारचं डोकं दिसलं. फेंडरच्या पद्धतीत पिकअप समांतर जोडतात. इथे तिन्ही एकसर आहेत, एकातून निघालेला प्रवाह दुसऱ्यात जातो, त्यामुळे दोन लावले की आवाज भरदार आणि मोठा होतो. प्रत्येक पिकअपला दोन सरकते स्विच. एक चालू-बंद करायला, दुसरा फेज, म्हणजे त्याच्या लहरींची दिशा, उलटा करायला. एकसर जोडणीत 'बंद' म्हणजे तार तोडायची नसते, नाहीतर सगळंच गप्प होईल. त्या पिकअपला वळसा घालून प्रवाह पुढे न्यायचा. डाख देण्याआधी मी कागदावर सगळे मेळ मांडले. एकटे तीन, जोड्या तीन आणि त्यांचे उलटे तीन, तिन्ही मिळून चार. एकूण तेरा वेगळे आवाज, सहा छोट्या स्विचांतून. दोन पिकअप उलट्या फेजमध्ये लावले की खालचे जाड स्वर एकमेकांना खोडतात आणि उरतो तो नाकातला, रडवेला, टोकदार आवाज. अँपवर पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला.

पहिल्यांदा सहा तारा लावून ट्रेमोलो दाबला तो दिवस मात्र निराशेचा होता. तारा ढिल्या लोंबेपर्यंत दांडी दाबायची आणि सोडायची, हीच कसोटी. सोडल्यावर ट्यूनरचा, म्हणजे सूर दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा मध्यापासून डावीकडे, सुराच्या खाली, थांबला. पुन्हा केलं, पुन्हा डावीकडेच. दांडी वर उचलून सोडली तर उजवीकडे. म्हणजे कुठेतरी काहीतरी घासत होतं. मी नट तपासला, शून्य फ्रेट घासून चकचकीत केला, रोलर काढून पुसले. फरक नाही. धार बिघडली असेल या भीतीने सगळं उकलायला घेतलं. मामाने मला थांबवलं. मागचं झाकण काढलं, एकेका स्प्रिंगेच्या आतून बोट फिरवलं आणि मग बोल्ट बाहेर काढून माझ्यासमोर धरला. काळ्या बोल्टवर एका बाजूला नखाएवढी जागा लखलखत होती. स्प्रिंग जराशी तिरपी बसून बोल्टला घासत होती. "धार काय करणार बिचारी? तराजूच्या साखळीत काडी अडकली तर तोल खोटाच येणार."

बोल्टचं भोक अर्धा मिलिमीटर सरकवायचं होतं. जुनं भोक बुजवून नवीन पाडलं, स्प्रिंग बसवली, तारा लावल्या. दोन दिवस ताणल्या, बसल्या, परत लावल्या.

तिसऱ्या दिवशी मामा आला. मी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि दांडी त्याच्या हातात दिली. "तू दाब. पूर्ण."

त्याने दाबली. तारा फ्रेटबोर्डवर पडल्या, घरघर झाली, मग काहीच नाही. त्याने दांडी सोडून दिली आणि तळवा बॉडीवर सपाट ठेवला. मी पहिली तार छेडली. तो तारेकडे पाहत नव्हता, माझ्याकडेही नाही. मान वाकवून ट्यूनरकडे पाहत होता. काटा हलला, थरथरला आणि मध्यावर येऊन उभा राहिला.

"दुसरी," मामा म्हणाला.